ओवेलारची गाडी

सोमवार, ४ जुलै

आजपासून येरुती स्टेशनची मोजदाद सुरू केली. काम तीन महिन्यांचं आहे. काय आहे, काय नाही, जे आहे ते कोणत्या अवस्थेत आहे, एवढंच लिहायचं. शाळेत भूगोल शिकवण्यापेक्षा हे मला जास्त जमेल. वस्तू उलट उत्तर देत नाहीत.

राजधानीतल्या वारसा विभागाला ही इमारत हवी आहे. शनिवार-रविवारी कोस्ता पुकूपर्यंत पर्यटकांची गाडी सोडायची आणि इथे उपाहारगृह काढायचं, असं घाटतंय. अडचण एकच, काराई सेवेरो सामानिएगो. इथे वडीलधाऱ्या पुरुषांना काराई म्हणतात, बायांना न्या. वय एक्क्याऐंशी, इथले शेवटचे स्टेशनमास्तर. रेल्वे बंद झाली, पगार थांबला, पण त्यांना पदावरून मोकळं करणारा कागद कोणी काढलाच नाही. त्यामुळे कागदोपत्री ते अजून कामावर आहेत आणि स्टेशनातल्या दोन खोल्यांत राहतात. माझी यादी पूर्ण झाली आणि त्यांनी तिच्यावर सही केली, की तीस दिवसांत ताबा द्यायचा. वियारिकाच्या वृद्धाश्रमात त्यांच्यासाठी एक खाट राखून ठेवली आहे, असं विभागाचे इंजिनीअर बाल्बुएना फोनवर म्हणाले. "खिडकीजवळची," असंही म्हणाले.

मी गेले तेव्हा म्हातारे फलाटावर खुर्ची टाकून नळीने मातेचा कडू चहा पीत बसले होते. डोक्यावर रेल्वेची टोपी. मी नाव सांगितलं.

"ओवेलार? म्हणजे पाब्लिनोची?"

"हो. निमिया. त्यांची मुलगी."

त्यांनी टोपी नीट केली. मग मातेचं भांडं माझ्या हातात दिलं. "आई बरी आहे?"

"गुडघे दुखतात."

"मागचं दार लावते ना नीट?"

लावते, म्हटलं. या वयात माणसाला चोरांची धास्ती वाटत असावी.

बुधवार, ६ जुलै

बाकं सात (एक मोडकं). घंटा एक, लोलकासकट. घड्याळ एक, बंद, सव्वाअकरा दाखवतंय. तिकिटांचं कपाट, कुलूप आहे, किल्लीही आहे. सगळ्या वस्तू पुसलेल्या. अठरा वर्षांत एकही गाडी न आलेल्या स्टेशनात धूळ नाही, हे कोणत्या रकान्यात लिहायचं ते कळलं नाही. शेवटी 'अवस्था: चांगली' एवढंच लिहिलं.

फाटकाशी न्या देओलिंदा चिपाची, चीजच्या पावांची, पाटी घेऊन बसते. गाड्या होत्या तेव्हा डब्याडब्यांतून विकायची. मला पाहून ओरडली, "काय गं निमिया, बापाची गाडी शोधायला आलीस?"

शेजारचे दोघे हसले. या गावात कशाला उशीर झाला, की 'ओवेलारच्या गाडीने येतोय' असं म्हणतात. दवाखान्यातला डॉक्टर, निवडणुकीत कबूल केलेला रस्ता, सगळं ओवेलारच्या गाडीने येतं. ज्यांनी बाबांना पाहिलेलंही नाही ती पोरंही म्हणतात. मी चिपा घेतला आणि निघाले.

"रागावू नकोस," ती मागून म्हणाली. "तुझ्या बापाच्या लाकडावर मी तीन आठवडे भट्टी पेटवली. देव त्याचं भलं करो."

टोमणा मारून वर आशीर्वाद द्यायची इथली रीत मला अजून सोसत नाही.

घरी आले तर आई मागच्या दाराच्या अडसराशी झटत होती. दमट हवेत तो फुगतो. दाराचा आणि अडसराचा रंग एकच, टोकांच्या कड्यांसकट हिरवा. बाबांनीच दिलेला. मी म्हटलं, सुताराला बोलावून सरळ कडी बसवून घेऊ. आई म्हणाली, "माझं दार आहे. मी लावते ना?"

शुक्रवार, ८ जुलै

आज यादी अडली.

मास्तरांच्या खोलीत भिंतीवर एक लाकडी खोबण आहे, रिकामी. इथे काय होतं, असं विचारलं.

"काठी," काराई सेवेरो म्हणाले. "येरुती ते कोस्ता पुकू टप्प्याची."

बाबांमुळे मला थोडं ठाऊक होतं, पण त्यांनी मी पहिल्या दिवशी रुजू झालेली उमेदवार असल्यासारखं सगळं सांगितलं. रूळ एकच, गाड्या दोन्हीकडून येणार. म्हणून प्रत्येक टप्प्याला एक काठी. ती ज्या चालकाच्या हातात, त्याचीच गाडी त्या टप्प्यात शिरणार. पलीकडे पोचला की त्याने काठी तिथल्या मास्तरला द्यायची. काठी जमा झाली, की टप्पा मोकळा. नाही झाली, तर गाडी अजून वाटेत आहे असं धरायचं.

"हातातून हातात," ते म्हणाले. "जमिनीवर ठेवलेली उचलायची नाही. तिसऱ्या कोणी आणून दिली तर घ्यायची नाही. मेन्देस मास्तरने एकदा घेतली होती, पोस्टमनच्या हातून. त्यानंतर जे झालं त्याची कबरस्तानात वेगळी रांग आहे."

"मग ही काठी कुठे आहे?"

"गाडीबरोबर." टोपी काढून त्यांनी आतला घाम पुसला. थंडीत. "शेवटची गाडी कोस्ता पुकूहून नऊ-पन्नासला सुटली. अजून पोचली नाही. टप्प्यात गाडी असताना मास्तरला जागा सोडता येत नाही, मुली. कलम सव्वीस. मी तर सोडेन. कलम सोडत नाही."

मी नियमांचं पुस्तक मागितलं. आहे तसं. कलम सव्वीस, आणि हातातून हातातचं कलम एकेचाळीस. दोन्ही उतरवून घेतली. खोबणही मोजली. लांबी एकाहत्तर सेंटिमीटर, एका टोकाशी किल्लीच्या दातासारखा उंचवटा, म्हणजे काठीला तिथे खाच असणार. लाकूड लापाचोचं आणि दोन्ही टोकांना पितळी कड्या, असं ते म्हणाले.

मंगळवार, १२ जुलै

बाल्बुएना म्हणतात, वकिलांनी मान हलवली. जुना नियम रद्द झालेला नाही. काठी जमा झाल्याशिवाय हस्तांतर अपूर्ण. मग प्रकरण कोर्टात जाणार, आणि आपल्याकडे कोर्टात काही गेलं की दहा वर्षांची निश्चिंती.

"ते एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत," मी म्हटलं.

"म्हणूनच, मॅडम. सुताराकडून एक दांडका कातून घ्या. लाकूडच तर आहे. म्हाताऱ्याला दाखवा, सही घ्या, संपलं."

मी नाही म्हटलं. आवाज चढला होता का? बहुतेक चढला होता. खोटी वस्तू खऱ्या यादीत घालणार नाही, खरी सापडते का ते बघेन, असं म्हणाले.

नंतर दिवसभर विचार करते आहे. खरी शोधायची मला एवढी घाई का? कामासाठी, असं लिहावंसं वाटतं. पण ते पूर्ण खरं नाही.

त्या दिवशी मी या फलाटावर होते. अठ्ठावीस वर्षांची, राजधानीत शिक्षिका. माझे बाबा देशातली शेवटची मालगाडी आणणार म्हणून शाळेतल्या दोन मैत्रिणींना मुद्दाम घेऊन आले होते. बँड होता. आमदार होता. निखाऱ्यावर आख्खी गाय भाजत होती. राजधानीतून एक निरीक्षक आला होता, हातात नवं कोरं कुलूप. सव्वाअकराची गाडी. बाराला बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. दोनला लोकांनी गाय खाल्ली. चारला आमदार गेला. नाल्यापलीकडच्या वळणावर, दोन किलोमीटरवर, आग विझून गाडी थांबली होती. लाकूड संपलं, असं बाबांनी लिहून दिलं. बत्तीस वर्षं इंजिन चालवलेल्या माणसाला लाकडाचा अंदाज आला नाही. पिऊन होता, असंही लोक म्हणाले. इंजिन वळणावरच उभं राहिलं आणि दोन वर्षांनी भंगारात गेलं. मैत्रिणी परतीच्या बसमध्ये माझ्याशी फार चांगलं वागल्या. ते मला अजून आठवतं.

बाबांना मी कधी काही विचारलं नाही. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. निदान काठी सापडली तर गाडीने आणायचं ते शेवटचं काहीतरी पोचतं करता येईल, असं माझ्या मनात आहे. हे बाल्बुएनांना सांगता येणार नाही.

बुधवार, २० जुलै

वळणापाशी दोन दिवस शोधलं. गवत, दगडी कोळशासारखी काळी माती, तीन खिळे. भंगारवाल्याकडे गेले, भंगारवाल्याच्या मुलाकडे गेले. काही नाही.

काराई सेवेरोंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फार मेहनत घेतेस. पाब्लिनो असा नव्हता. त्याला थांबायचं कुठे ते कळायचं."

हे लागलं. मी उठून आले.

सोमवार, १ ऑगस्ट

आज सकाळी उपाशीपोटी कारुलिम. आईने घरी दिलंच होतं, पण स्टेशनवर गेले तर काराई सेवेरोही पेला घेऊन वाट बघत होते. उसाची दारू, रुदाचा पाला, लिंबू. तीन घोट, म्हणजे ऑगस्ट बाधत नाही.

"मी आधीच घेतलंय," मी म्हटलं.

"मग सहा घोट झाले. तू सप्टेंबरही काढशील."

त्यांनी स्वतःचा पेला भरला, तिसऱ्या घोटाला थांबले आणि रिकाम्या बाकाकडे बघून म्हणाले, "रामोना सगळा पेला प्यायची. अंथरुणातून, मान धरून पाजायला लागायचं, पण सगळा."

रामोना त्यांची बायको. गाड्या बंद झाल्या त्या वर्षी तिला पक्षाघात झाला होता. पुढे सहा वर्षं ती त्याच आतल्या खोलीत होती. खिडकीतून रूळ दिसतात. मी ती खिडकी मोजली आहे, नव्वद बाय एकशेवीस, काच अखंड.

"वियारिकाला खाट खिडकीजवळची आहे," मी म्हटलं. तोंडून निघून गेलं.

"खिडकीतून काय दिसतं?"

मला माहीत नव्हतं. विचारून सांगते, म्हटलं. ते हसले. "विचार. काही कामाचं दिसत असेल तर सांग."

आता लिहिताना वाटतं, ते घाबरले आहेत. फलाटावरची खुर्ची नेहमीपेक्षा दाराच्या जवळ होती.

गुरुवार, ४ ऑगस्ट

काय लिहावं?

दुपारी पावसाची झड आली, अडसर फुगून अडकला. आईचा गुडघा आखडलेला, म्हणून मी दोन्ही हातांनी तो उपसला. कोयंड्याला घासून टोकाच्या कडीवरचा रंग निघाला. खाली पिवळं. पितळ.

टेप खिशातच होती. एकाहत्तर सेंटिमीटर. एका टोकाला रंगाने बुजलेली खाच.

अठरा वर्षं मी या दाराने जा-ये करते आहे.

आई चुलीपाशी म्बेजूची भाकरी उलटत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. "झालं मोजून?"

"हे तुला माहीत होतं?"

"माझ्या घरात कोणतं लाकूड कुठलं ते मला माहीत नसणार?"

"बाबांनी ही जमा का केली नाही?"

"गाडी पोचली नाही, म्हणून."

"पण ते स्वतः चालत आले ना! वाट स्टेशनावरूनच येते. जाता जाता द्यायची."

"त्या दिवशी तो स्टेशनावरून आला नाही. शेतांतून आला. काट्यांनी विजार फाटलेली." तिने तवा खाली ठेवला. "काठी खांद्यावर घेऊन आला, त्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, रामोनाला आता कोणी उठवणार नाही. मग जेवला. दोनदा वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी हिरवा रंग घेऊन आला."

"आणि आग? आग कशी विझली?"

"आग कशी विझते, निमिया? लाकूड घातलं नाही की."

"लाकूड संपलं होतं."

आई माझ्याकडे बघत राहिली. मी पाचवीत नापास झाले होते तेव्हा बघितलं होतं, तसं. मग म्हणाली, "जेवून घे. गार होतंय."

शुक्रवार, ५ ऑगस्ट

झोप नाही. शेवटी सकाळी उठून न्या देओलिंदाकडे गेले आणि विचारलं, कुठलं लाकूड?

"इंजिनामागच्या टेंडरमधलं! अजून कुठलं? दोन दिवसांनी मी बैलगाडी घेऊन वळणावर गेले. अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. केब्राचोचं, खडखडीत वाळलेलं." ती थांबली. "तुला ठाऊक नव्हतं? अगं, मी तुला दर वेळी सांगतेय ना!"

सांगत होती. खरंच दर वेळी सांगत होती.

निरीक्षक कुलूप घेऊन आला होता. गाडी आली असती, काठी जमा झाली असती, तर त्याच दुपारी मास्तर मोकळे, घर बंद आणि अंथरुणातली रामोना बाहेर. मला हे सगळं दिसत होतं, मी तिथेच उभी होते, आणि मला फक्त माझ्या मैत्रिणी दिसत होत्या.

आता माझं काय? यादीत दोनच चौकटी आहेत, सापडली आणि सापडली नाही. सापडली लिहिलं, तर बाबांनी जे केलं ते मी मोडते. सापडली नाही लिहिलं, तर मी खोटं लिहिते. बाबांनी 'लाकूड संपलं' असं खोटं लिहून दिलं आणि पुढे सात वर्षं हसणं ऐकत जगले. माझ्यात ते बळ नाही. मला खोटं लिहिताच येत नाही, हा माझा गुण आहे की नुसती भीती, हे मी या वयातही सांगू शकत नाही.

सोमवार, ८ ऑगस्ट

काठी वर्तमानपत्रात गुंडाळून नेली. ठरवलं होतं, वस्तू त्यांची आहे, त्यांनीच सांगावं. आता वाटतं, मी निर्णय त्यांच्यावर ढकलत होते.

काराई सेवेरोंनी गुंडाळीकडे पाहिलं. "चिपा नाही तो."

"नाही."

मी कागद सोडला. हिरवा रंग, घासलेलं एक टोक. त्यांचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. मग दोन्ही हात त्यांनी पाठीमागे नेले. एरवी या वेळी त्यांनी टोपी नीट केली असती, पण हात मोकळे नव्हते.

"तू चालक आहेस?"

"मी?"

"साधा प्रश्न आहे. गाडी तू आणलीस?"

"नाही."

"मग ही माझ्याकडे कशी देतेस?" आवाज चढला, मास्तरांचा आवाज, फलाटभर जाणारा. "कलम एकेचाळीस. उतरवून घेतलंस ना? तिसऱ्याच्या हातून घ्यायची नाही. मी अठरा वर्षं या टप्प्यावर नजर ठेवून आहे, आणि आता चालकाच्या मुलीकडून काठी घेऊन टप्पा मोकळा दाखवू? गाडी वाटेत असली तर?"

"काराई, बाबा वारले."

"मला सांगतेस? शवपेटीची पुढची डावी बाजू माझ्या खांद्यावर होती." ते खुर्चीत बसले. आवाज खाली आला. "पुस्तकात त्याबद्दल काही नाही. चालक मेला तर काय करायचं, ते लिहायला विसरले. मी शोधलंय."

आम्ही दोघं रुळांकडे बघत बसलो. नाल्यापर्यंत सरळ जातात, मग वळतात.

"त्याने मला कधी विचारलं नाही," थोड्या वेळाने ते म्हणाले. "मीही त्याचे आभार मानले नाहीत. दर रविवारी चर्चमध्ये भेटायचो. तो म्हणायचा, गाडीला जरा उशीर होतोय, मास्तर. मी म्हणायचो, हरकत नाही, पाब्लिनो, मी आहे." त्यांनी काठीकडे पाहिलं, हात आता मांडीखाली धरलेले. "घेऊन जा. आईचं दार उघडं राहिलं असेल."

गुरुवार, ११ ऑगस्ट

अहवाल पाठवला. दोन्ही चौकटी रिकाम्या सोडल्या. शेऱ्यात लिहिलं: 'येरुती–कोस्ता पुकू टप्प्याची काठी स्टेशनात जमा झालेली नाही. मी ती ८ ऑगस्ट रोजी नेली असता, कलम ४१ प्रमाणे मी चालक नसल्याने स्टेशनमास्तरांनी ती स्वीकारली नाही. जमा करण्याचा अधिकार असलेले चालक पाब्लिनो ओवेलार हयात नाहीत. कलम २६ प्रमाणे हस्तांतर अपूर्ण. चालक माझे वडील होते, याची नोंद घ्यावी.'

आठ वेळा वाचलं. एकही शब्द खोटा नाही.

पण मला आनंद झाला, हे शेऱ्यात लिहिलेलं नाही. ते लिहायला हवं होतं का? असे शेरे लिहिणारा माणूस निःपक्षपाती असतो, असं वाचणारा धरून चालतो.

बाल्बुएनांचा फोन आला. "मॅडम, काठी तुमच्याकडे आहे?"

"हो."

"आणि ती जमा करता येत नाही?"

"मला नाही."

"वकिलांकडे पाठवतो," ते म्हणाले. "तुमच्या वडलांनी आग विझू दिली असं तुमचं म्हणणं आहे का?"

"ते मी लिहिलेलं नाही. मी तिथे नव्हते."

फोन ठेवल्यावर कळलं की हे मात्र खोटं होतं. मी तिथेच होते.

शनिवार, २० ऑगस्ट

लापाचो फुलले आहेत. स्टेशनच्या मागचा सगळ्यात आधी, नेहमीसारखा. प्रकरण कोर्टात दाखल झाल्याचं पत्र आलं. वियारिकाची खाट दुसऱ्या कोणाला दिली. खिडकीतून काय दिसतं ते मी विचारलं होतं. उत्तर आलं, पार्किंग.

माझं काम मुदतीआधीच संपलं. निरोप घ्यायला गेले तेव्हा काराई सेवेरो घंटा पुसत होते. खुर्ची फलाटाच्या टोकाला, जिथून वळण दिसतं तिथे सरकवलेली होती.

मी म्हटलं, "गाडीला जरा उशीर होतोय, मास्तर."

त्यांनी फडकं थांबवलं नाही. "हरकत नाही," ते म्हणाले. "मी आहे."

फाटकाशी न्या देओलिंदाने अडवलं. भोवती तीन-चार गिऱ्हाइकं होती. "काय गं, म्हाताऱ्याला घालवायचा कागद येतोय म्हणे राजधानीहून. कधी येणार?"

"निघालाय," मी म्हटलं. "ओवेलारच्या गाडीने येतोय."

कोणी हसलं नाही. मग देओलिंदा एवढ्या जोरात हसली की पाटीतला एक चिपा खाली पडला. तो तिने फुंकून मलाच दिला.

घरी येऊन मागचं दार मी लावलं. आईला म्हटलं, तू बस. घासलेल्या टोकाला रंग द्यायचा राहिलाय. हिरवा कुठला होता ते तिला आठवतं.